पिवळ्या रेघांचे बारा बोल्ट

ताईचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. अंथरुणाला खिळलेल्या सासूला उठवून बसवायचं, तिचं अंग पुसायचं, डबा भरायचा आणि सातच्या आत गॅरेजच्या फाटकाशी हजर. चोवीस वर्षांत मी तिला उशिरा आलेलं पाहिलं नाही. मी त्याच गॅरेजात गिअरबॉक्सचं काम करायचो, म्हणून खात्रीने सांगतो.

तिची सुरुवात धुण्याच्या टाकीवर झाली. खोललेल्या इंजिनाचे पार्ट डिझेलमध्ये घासायचे. नऊ वर्षं. हातांची सालटं निघायची. घासता घासता कुठला पार्ट कुठे बसतो ते ती शिकली आणि म्हाताऱ्या मिस्त्रीने तिला टाकीवरून बाकावर, टायमिंगच्या म्हणजे इंजिनाचे गिअर खुणेला खूण जुळवून बसवायच्या कामावर घेतलं. त्यानंतर तिच्या हातचं एकही इंजिन परत आलं नाही.

मग तो ट्रक आला. इंजिन पार खोलावं लागलं. जोडताना पुढचे टायमिंगचे गिअर ताईने बसवले. मागचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, फोरमनने स्वतः चढवलं. ट्रकमालक त्याच्या ओळखीचा होता ना. सगळं जोडलं आणि इंजिन धड सुरू होईना. दहा-बारा सेल्फ मारल्यावर कसंबसं पेटायचं, काळा धूर ओकायचं, ओढ नावाला नाही. तपासायचं मशीन म्हणे, मागच्या चाकाकडचा क्रँकचा आणि पुढच्या गिअरांकडचा कॅमचा सेन्सर जुळत नाहीत. दोन्ही नवे घातले. पहिले पाढे पंचावन्न.

फोरमनने सगळ्यांदेखत खापर तिच्यावर फोडलं. "बाई, गिअरचा दात चुकवलात. पार्ट घासणाऱ्या हाताला टायमिंग दिलं की असंच व्हायचं."

गॅरेजच्या मालकाने चौकशी केली नाही. ताई पुन्हा टाकीवर गेली, पगारही टाकीचा. ती रडली नाही की भांडली नाही. डिझेलमध्ये हात बुडवून मला एवढंच म्हणाली, "भाऊ, ह्या फोरमनला पाणी पाजलं नाही तर नाव बदलेन."

दोन दिवसांनी फोरमनने पुढचं झाकण उघडलं. तिच्या गिअरची खूण खुणेला अचूक लागलेली. मी शेजारी उभा होतो. त्याने झाकण निमूट लावलं आणि मालकाला काही बोलला नाही. मी ते ताईला सांगितलं. तिने ब्रश खाली ठेवला, परत उचलला.

बाराव्या दिवशी ट्रकमालक येऊन मालकाला वाटेल ते बोलू लागला. तेव्हा ताई उठली, हात पुसले आणि एक प्लग काढायची परवानगी मागितली. क्रँकच्या सेन्सरचा प्लग तिने काढला आणि मला सेल्फ मारायला लावला. इंजिन जरा वेळाने पेटलं, पण बिनधुराचं, एका लयीत.

तिने मालकाला समजावलं. हा सेन्सर फ्लायव्हीलच्या कडेची भोकं मोजतो. तो काढल्यावर इंजिन नुसत्या कॅमच्या सेन्सरच्या भरवशावर चालतं आणि नीट चालतं. म्हणजे पुढचे गिअर बरोबर आहेत, सेन्सरही चांगला आहे, त्याच्यासमोरचं चाकच चुकीचं बसलंय.

फोरमनचा चेहरा उतरला. बाजूला नेऊन तिला म्हणाला, वायर सैल होती म्हणा, आठवड्यात बाकावर आणतो. ताईने उत्तर मात्र मध्यभागी येऊन दिलं.

"साहेब, तुम्ही बोललात सगळ्यांसमोर. गिअरबॉक्सही सगळ्यांसमोर उतरेल. आणि तो तुम्हीच उतरवायचा."

फ्लायव्हीलपर्यंत पोचायला आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ते माझं काम. मी पाना घेतला, तर तिने मला बसवलं. फोरमन चार तास ट्रकखाली उताणा होता. ताई दिवा धरून उभी होती, आणि दिवा जिथे पाहिजे तिथे एकदाही धरला नाही.

आमच्याकडे जो बोल्ट आवळतो तो त्याच्या माथ्यावर आपल्या रंगाची रेघ ओढतो. माझी हिरवी, ताईची पांढरी, फोरमनची पिवळी.

"किती बोल्ट, साहेब?"

"बारा."

"रेघ कसली?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने. मालकांना ऐकू गेलं नाही."

"पिवळी."

चाक काढलं. चाक ज्या दांड्यावर बसतं त्या क्रँकच्या टोकाला एक पिन असते, तिच्यामुळे चाक एकाच जागी बसतं. पिन वाकली होती, चाक जाईना, म्हणून त्याने ती घासून सपाट केली होती. मग ते बारा ठिकाणी बसू शकत होतं. त्याने ते बोल्टचं एक भोक सरकवून बसवलं. ही चूक शिकाऊ माणूस करत नाही. पिन अडली की तो कुणाला तरी विचारतो.

मालकाने ताईला तिथल्या तिथे बाक परत दिला. तिने आणखी एक मागितलं: चाक आणि बोल्ट फोरमनने टाकीवर धुवावेत. ट्रकमालक समोर होता, मालकाला मान डोलवावी लागली. तिने ते चाक तीनदा परत पाठवलं. इथे काळं राहिलंय, म्हणून.

त्यानंतर फोरमन तीन वर्षं टिकला. जाताना त्याने आपली सात खणांची हत्यारांची पेटी विकायला काढली. बाकावरच्या पगारातून तीन वर्षं साठवलेले पैसे ताईने त्याच्या हातावर ठेवले, घासाघीस केली नाही. तो फाटकाबाहेर पडायच्या आत तिने पेटी टाकीशेजारी ओढली आणि सातही खणांत चिंध्या भरल्या. इतकी चांगली पेटी, खण लोण्यासारखे सरकायचे. मला ते पटलं नाही. तरी हात पुसायचे झाले की मीही वरचा खण ओढायचो.