रमणभाऊंची आजारी सीट

रमणभाऊंच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती विरजण मागायला. आम्ही डहाणूला नुकतेच राहायला आलो होतो आणि ते समोरच्या घरात. दार सताड उघडं. आत पाऊल टाकलं तर हॉलमध्ये मोटारीच्या सिटा मांडलेल्या. पुढच्या दोन भिंतीला टेकवून ठेवलेल्या आणि मागची लांबलचक सीट खिडकीखाली, तिच्या अंगावर धुतलेली चादर. मला वाटलं, हल्ली काय काय फॅशनी निघतील सांगता येत नाही. मी त्या लांब सीटवर टेकणार, एवढ्यात आतून एक उंच, किडकिडीत गृहस्थ धावत आले आणि ओरडले, "बसू नका बेन! ऑपरेशन झालंय तिचं!"

मी विरजण न घेताच परत आले. नवऱ्याला म्हटलं, शेजारी वेडे आहेत. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "मग तुझं छान जमेल." आणि मेल्याचं खरं झालं.

रमणभाऊ वेडे नव्हते, ड्रेसर होते. जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी उभा जन्म काढला. जू घासून सोललेले बैलांचे खांदे, कुंपणाच्या तारेत फाटलेली गाईची कास, कुत्र्यांनी फाडलेल्या शेळ्या, सगळ्यांची मलमपट्टी त्यांच्याकडे. सायवनपासून कासापर्यंत कुठल्या पाड्यावर कोणाच्या बैलाला काय झालं होतं ते त्यांना पाठ. माणसांची नावं मात्र लक्षात राहायची नाहीत. बाजारात कोणी नमस्कार केला की ते विचारायचे, "तांबड्या बैलाचे ना तुम्ही?"

निवृत्त झाल्यावर त्यांचे हात शिवशिवायला लागले. तेवढ्यात त्यांना ती गाडी मिळाली. चिकूच्या वाडीवाल्या एका शेठचा लाडका कुत्रा मरायला टेकला होता, तो रमणभाऊंनी रात्रंदिवस बसून वाचवला. शेठ खुश होऊन म्हणाले, "ही जुनी गाडी घेऊन जा." गाडी मोठी, ऐटबाज, आत खऱ्या चामड्याच्या सिटा. पण त्या सिटा वर्षानुवर्षं त्याच कुत्र्याने कुरतडलेल्या. रमणभाऊ म्हणायचे, "बेन, डोकं लढवा. पेशंट बरा झाला नी जखमा माझ्याकडे पाठवल्या!"

सिटा त्यांनी काढून घरात आणल्या आणि त्यांच्यावर उपचार सुरू केले. उपचारच. दुसरा शब्द त्यांना चालायचा नाही. सकाळी चहा झाला की चादर काढायचे, अंगठा दाबून खळगा किती वेळ राहतो ते बघायचे, वास घ्यायचे. "कोरडी पडलीय. पाणी तोडलेलं दिसतंय." मग साबणाच्या फेसात मऊ ब्रश बुडवायचा आणि ब्रश लावण्याआधी सीट थोपटायची. "हो हो हो, झालं हां राजा, झालं." उपचारासाठी सीट मधोमध ओढली की तिच्या मागून ते कधीही जायचे नाहीत. चुलीकडे जायचं तरी वळसा घालून, बाजूने. मी कारण विचारलं तर माझ्याकडेच कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "मागून गेलं की लाथ बसते."

"अहो, सीट आहे ती!"

"ठाऊक आहे हो. पण सवय मोडली नी उद्या खरा बैल आला तर?"

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "कातडी ती कातडी. चालती असो नायतर बसती." हे ऐकलं की शांताभाभी, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून हमखास ओरडायची, "नी माझी? माझ्या गुडघ्याला कधी इतकं तेल लावलंत?" रमणभाऊ शांतपणे सांगायचे, "तू कुठं भरती झालीस? केसपेपर काढ, बघतो." पाहुणे आले की सतरंजीवर बसायचे आणि सिटा आपल्या मजेत आराम करायच्या. येणारी बाईमाणसं "आता कसं आहे?" विचारून जायची. एका म्हातारीने तर येताना शहाळं आणलं होतं. ते रमणभाऊंनी पेशंटच्या वतीने पिऊन टाकलं.

गाडी मात्र बंद ठेवली नव्हती. बाहेर जायचं असलं की ड्रायव्हरची सीट तेवढी जागेवर लावत आणि बाकीचा डबा रिकामा. शांताभाभीला कासाच्या बाजाराला न्यायचं तर मागे लाकडी पाट टाकायचे, त्यावर ती मांडी घालून बसायची, शेजारी कांदे-बटाटे. बाहेरून तिचं डोकंही दिसत नसे. त्यामुळे चारोटी नाक्यावरची सगळी माणसं समजत होती, रमणभाऊ गाडीत एकटेच भांडत जातात.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो, पण रमणभाऊंच्या दृष्टीने त्यात फार मोठी गोष्ट अडकलेली होती. त्यांची एकुलती एक मुलगी हेमू हिचं लग्न तलासरीकडच्या मुलाशी ठरलं होतं. शांताभाभी स्वतः लग्न होऊन आली ती दवाखान्याच्या जीपमधून, पायाशी एक आजारी पारडी घेऊन. "वरातीत माझ्यापेक्षा पारडीची जास्त विचारपूस झाली," हे ती अजून दर सणाला ऐकवायची. त्याचं उत्तर रमणभाऊंना आता द्यायचं होतं. "माझी पोरगी आपल्या गाडीतून जाईल. चामड्याच्या सीटवर बसून. धड सीटवर, फाटक्या नाय," ते म्हणाले, आणि त्या वेळी त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला चेष्टा करायचं सुचलं नाही.

हेमू औषधांच्या दुकानात कामाला होती. शांत, हुशार मुलगी, बापाला पुरती ओळखून. तिने मोबाइलवर सीट दुरुस्त करायचे व्हिडिओ शोधून बापाला दाखवले, वापीहून सामान मागवलं. बारीक पॉलिश पेपर, भेगा भरायची ट्यूब, चॉकलेटी रंग, स्पंज, वरून मारायचं चकाकीचं पाणी. रमणभाऊंनी सगळं निमूट ऐकलं. पेपर हलक्या हाताने घासला, धूळ पुसली, सगळं व्हिडिओत होतं तसं. फक्त भेगा भरायची ट्यूब उघडून हुंगली आणि बाजूला ठेवली.

"ह्यात जीव नाय, बेन," ते मला गुपचूप म्हणाले. "चिकूच्या झाडाला कोयता लागला की झाड काय करतं? दवाखान्यात जातं? आपलाच चीक आणतं नी आपलीच जखम भरतं. आपण सगळे चिकूच्या गावात राहतो नी वापीहून ट्यूब आणतो. लाज वाटली पाहिजे."

मी म्हटलं, "रमणभाऊ, ते झाड आहे."

"कातडी ती कातडी. उभी असो नायतर बसती."

झालं! वाक्य हवं तसं वाकवायला ते मोकळेच होते. ओळखीच्या वाडीत जाऊन, करवंटीत चीक धरून आणला आणि मलम लावायच्या पट्टीने एकेक भेग त्या पांढऱ्या चिकाने भरली. दिवस थंडीचे होते. चीक घट्ट सुकला. त्यावर स्पंजने रंगाचे हात दिले, वरून चकाकी मारली. आणि खोटं कशाला बोलू, सीट अशी देखणी झाली की मीसुद्धा दोनदा हात फिरवून आले. हेमूने विचारलं, "पप्पा, भेगा ट्यूबने भरल्या ना?" रमणभाऊ पंख्याकडे बघत म्हणाले, "मग काय." पेशंटला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी शांताभाभीने सिटांना ओवाळलं. ओवाळताना ती पुटपुटत काय होती ते मी लिहीत नाही.

लग्न वैशाखात लागलं. गाडी सकाळपासून मांडवाबाहेर, भर उन्हात, काचा बंद करून, झेंडूच्या माळा घालून उभी. पाठवणीच्या वेळी रमणभाऊ हेमूला धरून लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसले, डोक्याला टोपी घातली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. त्यांचे मोठे भाऊ चिडले, "अरे, बापाने पोहोचवायला जायचं नसतं."

"बाप इथं राहिला," रमणभाऊ म्हणाले. "हा ड्रायव्हर आहे."

पुढच्या सिटांवर शांताभाभीने टॉवेल घातलेले, पाठराखीण म्हणून मी तिथे बसले. मागे हेमू आणि जावई. जावयाने नवा कोट चुरगळू नये म्हणून सीटच्या अगदी कडेवर, पुढे वाकून तोल सांभाळला होता. हेमू मात्र हिरव्या शालूत नीट, मागे सरून, बापाला आरशात दिसेल अशी बसली. आत भट्टी पेटलेली. चारोटीला पाणी प्यायला थांबलो तेव्हा जावई उतरला. हेमू जरा हलली आणि परत तशीच बसली. "उतर ना," मी म्हटलं. "नको मावशी, बरं आहे," ती म्हणाली.

तलासरीला घरासमोर गाडी थांबली. वाजंत्री वाजायला लागली. सासूबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या. दार उघडलं, सगळे वाट बघताहेत, आणि हेमू उठेना.

"मला उठता येत नाही," ती म्हणाली. "शालू चिकटलाय. सीट सोडत नाहीये."

नणदांनी हात धरून ओढायला घेतलं, तर ती किंचाळली, "ओढू नका! शालू फाटेल!" सासूबाई म्हणाल्या, "फाटू दे गं, दुसरा घेऊ." "शुभाचा आहे, फाटायचा नाही," हेमू म्हणाली. एकाने पाणी ओतायचं सुचवलं, दुसऱ्याने रॉकेल. नवरीवर रॉकेल! सुचवणाऱ्याला तिथल्या तिथे बायकांनी हाकललं. वाजंत्रीवाल्यांना थांबा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं, ते वाजवतच होते. आणि आमचे रमणभाऊ टोपी मागे सारून, छाती काढून सगळ्यांना सांगत होते, "बघा! चीक आहे डहाणूचा! कसं धरलंय बघा! ट्यूबने धरलं असतं असं?"

शेवटी सासऱ्यांनी तोडगा काढला. मागची सीट क्लिपांवर बसवलेली असते, उचलली की निघते. चौघांनी नवरीसकट सीट बाहेर काढली आणि खांद्याला खांदा लावून उचलली. दार अरुंद. सीट तिरपी करावी लागली, हेमूने एका हाताने मुंडावळ्या आणि दुसऱ्या हाताने शेजारच्याची शेंडी नाही तर कॉलर धरली. उंबऱ्यावर तांदळाचं माप. सासूबाई म्हणाल्या, "खाली घ्या, अजून खाली." चौघे गुडघ्यांवर आले, हेमूने उजवा पाय लांब केला आणि माप लवंडलं. अशी लक्ष्मी घरात येताना त्या गावाने आधी पाहिली नव्हती. "हो हो हो, झालं हां, झालं," रमणभाऊ मागून म्हणत होते. बाजूने चालत.

सीट आतल्या खोलीत ठेवली. मी सगळ्यांना बाहेर काढून कडी लावली आणि कात्री शोधायला लागले. तेवढ्यात हेमू उठली. सरळ उभी राहिली. चर्र असा आवाज झाला आणि तो सगळा चॉकलेटी रंग, एवढे महिने घासून, पुसून, ओवाळून आणलेला, तिच्या शालूला लागून सोलून निघाला. सीटवर कुत्र्याचे दात पुन्हा जसेच्या तसे.

मी आ वासून बघत राहिले. "अगं, तुला उठता येत होतं?"

"रंग सुटतोय हे चारोटीलाच समजलं मला," ती म्हणाली. "ट्यूब पप्पांच्या दाढीच्या डब्यात बघितली होती मी. पण तिथे सगळ्यांसमोर मी उठले असते तर हे असं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांदेखत." आणि मग ती जी रडायला लागली, ती मांडवात रडली नव्हती इतकी. बाहेर रमणभाऊंचा आवाज चालूच होता, चीक, झाड, जखम. आम्ही दोघींनी सीटवर चादर घातली. "पप्पांना सांगू नका हां मावशी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला न्यायला रमणभाऊच आले. सासरच्यांनी सीट परत न्या म्हटलं तर म्हणाले, "राहू दे. आता ती इथली." चादर उचलूनही पाहिली नाही. चारोटीच्या अलीकडे ते म्हणाले, "बेन, उन्हात चीक धरत नाय. पातळ होतो. रंग सुटला असता, पण पोरगी उठली असती."

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"उठवत नाय म्हणून बसलेलं जनावर वेगळं नी उठायचं नाय म्हणून बसलेलं वेगळं. डोळ्यांत दिसतं. जन्मभर तेच बघितलं मी."

"मग तिथे एवढी फुशारकी कशाला मारत होतात?" मी जरा रागानेच विचारलं. मला रडू येत होतं.

"ती माझ्यासाठी एवढी बसून राहिली," ते म्हणाले. "मग मी नको तिला साथ द्यायला?" आणि थोड्या वेळाने, "तिला सांगू नका, मला कळलं म्हणून."

मी दोघांनाही शब्द दिला आणि पाळला. पुढे कित्येक वर्षं दर भेटीत रमणभाऊ चिकाची बढाई मारायचे आणि हेमू "तर! सोडतच नव्हतं," म्हणून दुजोरा द्यायची, आणि मी मधे बसून चहा प्यायचे. गेल्या पावसाळ्यात रमणभाऊ गेले. हेमू आली, बापाच्या पायाशी बसली आणि काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

हेमू, त्यांना माहीत होतं गं.