मैलाच्या दगडांचा चुना

पंक्चर जोडायच्या सोल्युशनचा वास आधी गोड लागतो आणि मग घशाला टोचतो. अमरावतीत आमच्या महाविद्यालयासमोर सायकली भाड्याने देणारे दुकान होते. त्याच्या पायरीवर बसून आम्ही तिघी मैत्रिणींनी देणगीदारांची यादी केली होती, म्हणून ती सारी खटपट मला आजही त्या वासासकट आठवते.

साठच्या दशकाची सुरुवात असावी. त्या वर्षी गावात एक सायकलस्वार आला होता. शाळेच्या मैदानावर तो तीन दिवस खाली न उतरता गोल फिरत राहिला. जेवण, दाढी, अंघोळ, सारे सायकलवरच. लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टाचत. पाहता पाहता माझ्या मनात आले, हा माणूस कुठेच जात नाही तरी लोक देतात. आपण थेट अकोल्याला गेलो तर का देणार नाहीत?

पैसे हवे होते नर्सबाईंसाठी. बडनेऱ्याच्या वाटेवरील धर्मार्थ दवाखान्यात त्या एकट्याच होत्या आणि भोवतालच्या पाच-सहा खेड्यांतील बाळंतपणे त्यांच्याच हातची. कातडी पिशवी खांद्याला अडकवून त्या पायी जात. वसतिगृहात भाजी घेऊन येणाऱ्या मावशींच्या सुनेचे पहिले मूल त्या पोचण्याआधीच गेले होते. सून आता पुन्हा गरोदर होती.

"पुसाच्या महिन्यात भरते तिचं," मावशी म्हणाल्या. "त्याच्या आदी नर्सबाईले सायकल येऊ द्या, पोरीहो." आणि पदराची गाठ सोडून त्यांनी आठ आण्यांचे नाणे माझ्या हातावर ठेवले. ते गार होते आणि त्याला मेथीचा वास येत होता.

आम्ही दर मैलामागे देणगी मागत असू. साठेक मैलांची वाट. जेवढे मैल आमची चाके जातील तेवढ्यांचेच पैसे. एका वकिलांनी चहा पाजला आणि वडिलांची परवानगी लेखी आणायला सांगितले. वरूडच्या बागाईतदाराने पैशाला साफ नकार दिला. "मैलाले एक संत्रं देतो," तो म्हणाला. "घ्याचं असंन तं घ्या." आम्ही घेतले, पुढे ती संत्री वसतिगृहातच विकली आणि आठवडाभर जिन्यात सालींचा कडवट सुगंध दरवळत राहिला.

सर्वांत कठीण गेले ते कापूस बाजारातील म्हातारे अडते. ते गादीवर बसून ढिगातील कापूस बोटांनी ताणून पाहत होते. मान वर न करताच बोलले.

"अकोल्याले रेल्वे जाते, मोटार जाते. सायकलनं काऊन जाऊन राहिली वं पोरी?"

"लोक पैसे देतात म्हणून."

"अन् लोक काऊन देतात?"

"आम्ही सायकलनं जातो म्हणून."

त्यांचे पोट आधी हलले, हसू मागाहून आले. "बरं. मैलाले रुपया. पण दर दगडाले हात लावून यायचं. माल हाताले लागल्याबिगर मी सौदा करत नाई."

मैलाला रुपया! बाकीच्या साऱ्या यादीची बेरीजही तेवढी होत नव्हती.

कार्तिकातल्या एका पहाटे आम्ही निघालो. कापसाच्या गाड्या बाजाराकडे येत होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर पांढरे पुंजके अडकले होते. प्रत्येक दगडापाशी मी उतरे, तळवा टेकवी, पुन्हा चढे. दगडांना नुकताच चुना दिलेला होता. पहाटे ते गार होते, मूर्तिजापूरच्या पुढे तव्यासारखे. मैत्रिणी म्हणाल्या, "एखादा सुटला तर त्यांना कोण सांगणार आहे?" तोच विचार माझ्याही मनात दोनदा येऊन गेला होता. बोरगावजवळ तळव्याला भेगा पडून चुना झोंबू लागला. दिवेलागणीला अकोल्यात पोचलो, मामाकडे मुक्काम केला आणि सकाळी सायकली रेल्वेच्या डब्यात चढवून परतलो.

अडत्यांनी माझा तळवा उताणा धरायला लावला आणि कापूस पाहावा तसा, पण हात न लावता, बारकाईने पाहिला. "तेल लाव याले," एवढेच म्हणून त्यांनी पैसे मोजले.

नव्या काळ्या सायकलीच्या मुठींवरचा कागदही आम्ही काढला नव्हता. दवाखान्याच्या ओट्यासमोर ती उभी केली. भाजीवाल्या मावशी कुंकू घेऊन आल्या होत्या. नर्सबाई हात पुसत बाहेर आल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट, चष्मा कपाळावर. त्यांनी घंटी एकदा वाजवून पाहिली.

"लय चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण मले हे चालवता येत नाई."

अडीच महिने आम्ही दारोदार बोललो होतो. वकिलांना विचारले, बागाईतदाराला विचारले; ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्यांना एक शब्दही विचारला नव्हता. मोठ्या बाईला काय विचारायचे, ही आमची अदब.

"येतच नाई?" मावशींच्या हातात कुंकवाची डबी तशीच राहिली. "मंग माह्या सुनेचं कसं?"

"बापानं बैलगाडी शिकवली होती, बाई. सायकल कोणाच्या घरी होती?"

पौष महिनाभरावर आला होता. नर्सबाईंनी समोरचा रस्ता पाहिला, मग मावशींचा चेहरा पाहिला. चष्मा काढून ओट्यावर ठेवला, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही मुठी धरून त्या माझ्याकडे वळल्या.

"शिकव."