सातबारा घेऊन क्रूझवर: दोन विहिणी, एक केबिन आणि मुंबई-गोवा-मुंबई

निवृत्त झाल्यावर एकदा तरी बोटीने जायचं, असं मी आणि शाळेतली माझी मैत्रीण सुषमा कितीतरी वर्षं घोकत होतो. मी भाईंदर पूर्वेला खारीगावाजवळ राहते. एका शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काम करून गेल्या वर्षी मोकळी झाले. माझ्या यजमानांना गोराईच्या फेरीबोटीतसुद्धा मळमळतं, त्यामुळे त्यांनी आधीच हात जोडले होते. "तुम्ही दोघी जा, मी दारात आरती घेऊन उभा राहतो," म्हणाले.

मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारी तीन रात्रींची सफर आम्ही निवडली. पासपोर्ट लागत नाही, सुरुवातीला हे बरं. नोव्हेंबरचा शेवट घेतला, कारण तोवर समुद्र शांत झालेला असतो आणि नाताळची भाववाढ सुरू झालेली नसते. बुकिंग स्टेशनबाहेरच्या ट्रॅव्हलवाल्या मेहुलभाईंकडे केलं. ऑनलाइनही होतं, पण समोर माणूस असला की मला प्रश्न सुचतात. पहिला प्रश्न मी हाच विचारला, की जाहिरातीतल्या भाड्यात काय काय नाही? बंदराचं शुल्क, कर आणि नोकरवर्गाची बक्षिसी त्यात नव्हती. माणशी वीस हजार दिसत होते, ते हे सगळं धरून सत्तावीसच्या पुढे गेले. केबिन आम्ही आतली, बिनखिडकीची घेतली. खोलीत फक्त झोपायचं असेल तर बाल्कनीला जादा पैसे मोजू नयेत, असं माझं मत होतं आणि आजही आहे. मात्र केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर मागून घ्या. तिथे डुलणं सगळ्यात कमी जाणवतं.

सगळं ठरलं आणि निघायला तीन आठवडे असताना सुषमाच्या मुलीचं बाळंतपण लवकर झालं. सुषमा नाशिकला गेली.

"मॅडम, अकेले जाओगे तो भाडा करीब करीब डबल पडेगा," मेहुलभाई म्हणाले. "केबिन दो आदमी का होता है ना. दूसरा कोई है तो नाम बदल देता हूं, अभी टाइम है."

ही गोष्ट लक्षात ठेवा. रद्द केलं तर हातात फारसं काही येत नाही, पण ठरावीक मुदतीच्या आत थोडे पैसे भरून प्रवाशाचं नाव बदलता येतं. तिकीट काढतानाच ती मुदत विचारून घ्या.

दुसरं कोण, यावर माझी मुलगी श्रुती म्हणाली, "आईंना घेऊन जा." आई म्हणजे तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई.

मी आधी नकोच म्हणणार होते. कारण सांगायला हवं. विहीणबाई काशीगावच्या, जुन्या आगरी घरातल्या. एके काळी मिठागरं आणि भातशेती, आता घराभोवती चारी बाजूंनी टॉवर. श्रुती आणि निलेशने स्वतःच ठरवून लग्न केलं, त्याला अडीच वर्षं झाली. लग्नात तांदळाच्या ताटात नवरीचं नवीन नाव लिहायची वेळ आली तेव्हा श्रुतीने नको म्हटलं. विहीणबाईंनी आग्रह धरला. आणि मी भर मांडवात, त्यांच्या सगळ्या भावकीसमोर बोलले, "माझी मुलगी काय पातेलं आहे का, दुकानातून आणल्यावर नाव घालून घ्यायला?"

नाव बदललं नाही. पण त्या दिवसापासून विहीणबाई माझ्याशी कामापुरतंच बोलत. सणावाराला ताट यायचं, तेही श्रुतीच्या हाती. मला वाटायचं, मी बोलले त्यात चुकीचं काय होतं?

"आई, त्या कधी गावाबाहेर पडल्या नाहीयेत गं," श्रुती म्हणाली. "मी विचारलं तर हो म्हणाल्या."

त्या हो म्हणाल्या हे ऐकून मला नाही म्हणता येईना. मेहुलभाईंनी फोनवर नाव विचारलं. मी लग्नाची पत्रिका काढली आणि त्यावरचं नाव वाचून दाखवलं: पार्वती. आधारचा फोटो पाठवा म्हणाले होते. मी फोन करून मागायचा कंटाळा केला, श्रुतीकडून नुसता नंबर घेतला आणि वेब चेक-इन उरकलं. माझी चूक इथे झाली.

निघायच्या दिवशी सकाळी साडेआठला टॅक्सी केली. काशीगावात विहीणबाई रस्त्यावर येऊन उभ्याच होत्या. हातात एक बॅग आणि एक जड पिशवी.

"पिशवीत काय आहे?" मी विचारलं.

"सुकट. आनि तांदलाच्या भाकरी. बोटीवरचं मना चालंल न चालंल."

बाहेरचं खाणं जहाजावर नेता येत नाही, हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. तुम्हीही सोबतच्या माणसाला सांगा. इस्त्री आणि किटलीसुद्धा चालत नाही. भाकऱ्या आम्ही टॅक्सीतच खाल्ल्या, सुकट टॅक्सीवाल्याला दिली. तो उत्तर प्रदेशचा, शाकाहारी निघाला, पण शेजाऱ्यांना देतो म्हणाला. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलला पोचायला सव्वादोन तास लागले. भाईंदरकडून येणाऱ्यांनी तीन तास हाताशी ठेवावेत.

बॅगा देऊन आम्ही काउंटरवर गेलो. माझं काम दोन मिनिटांत झालं. विहीणबाईंचं आधार हातात घेऊन काउंटरवरची मुलगी एकदा पडद्याकडे आणि एकदा कार्डाकडे बघत राहिली.

"मॅम, तिकिटावर पार्वती आहे. कार्डावर यमुना आहे."

मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाचं आणलंत का तुम्ही?"

"माजाच हाय," विहीणबाई म्हणाल्या. "यमुना माहेरचा नाव. चौथीच्या दाखल्यावर तोच हाय. माहेरच्या जमिनीच्या कागदांना पायजे होता, म्हनून आधारपन तसाच काडला."

त्या मुलीने तिच्या वरिष्ठ बाईंना बोलावलं. त्या सभ्यपणे, पण स्पष्ट बोलल्या. नाव जुळत नसेल तर चढता येणार नाही. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं दाखवणारा एखादा सरकारी कागद आहे का? बोर्डिंग बंद व्हायला दीड तास होता.

विहीणबाईंनी पिशवी उचलली. "तुमी जा, ताई. तुमचा कागद बरोबर हाय. मी रिक्षा करून जाईन घरी." बॅलार्ड पिअरला रिक्षा मिळत नाही हेही त्यांना माहीत नव्हतं. तिथे मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. पोरीच्या नावासाठी मांडवात भांडलेल्या मला, जिच्या घरी पोर दिली तिचं नाव माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

"तुम्ही नाही तर मीही नाही," मी म्हटलं आणि निलेशला फोन लावला. तो ऑफिसात होता. रेशनकार्डावर एकच नाव, मतदार ओळखपत्रावर एकच नाव. मग त्याला एकदम आठवलं. "मावशी, सातबारा! मामांच्या जमिनीत आईचं नाव आहे. त्यात ऊर्फ लिहिलंय बहुतेक."

पंचवीस मिनिटांनी मोबाइलवर सातबारा आला. भावांच्या नावांखाली स्पष्ट लिहिलेलं: यमुना ऊर्फ पार्वती. वरिष्ठ बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचलं, हसल्या आणि म्हणाल्या, "जहाजावर चढायला सातबारा मी आज पहिल्यांदा बघितला." एक फॉर्म भरून घेतला, नाव दुरुस्तीचे पैसे घेतले आणि नवीन कार्ड छापून दिलं. कार्डावर यमुना. माझा सल्ला एवढाच, की सोबत येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र स्वतःच्या डोळ्यांनी बघून, त्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवून तिकीट काढा. सगळ्यांचं नशीब सातबाऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही.

जहाजावर ते कार्डच सगळं असतं. खोलीची किल्ली तेच आणि खर्चही त्याच्यावरच टाकला जातो. मुख्य भोजनगृह आणि बुफे भाड्यात धरलेले आहेत. शीतपेयं, खास रेस्टॉरंटं, इंटरनेट यांचे पैसे वेगळे. किनारा मागे पडला की तासाभरात फोनची रेंज जाते. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरतात. आमची केबिन म्हणजे दोन पलंग आणि मधे एक वाटी ठेवता येईल एवढी जागा. एकमेकींशी अबोला धरायला ती फारच लहान होती.

आमच्या मजल्याची खोल्यांची व्यवस्था कार्लोस नावाचे पन्नाशीचे गृहस्थ बघत. संध्याकाळी ते दारात आले, यादी बघून म्हणाले, "यमुना मॅडम, टॉवेल और चाहिए?"

विहीणबाईंनी मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं. मग म्हणाल्या, "हां. एक द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवा. जहाजाच्या सहलींचे दर बघून आम्ही बंदराबाहेरून टॅक्सी केली आणि वास्कोत फिरलो. असं करणार असाल तर जहाज सुटायच्या दीड तास आधी परत या. जहाजाची सहल उशिरा आली तर थांबतात, तुमच्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही. मासळी बाजारात विहीणबाईंनी काही विकत न घेता प्रत्येक टोपलीतला मासा कल्ला उघडून तपासला. एका साध्या खानावळीत अडीचशे रुपयांची थाळी घेतली. सुकट-खोबऱ्याचं किसमूर, सोलकढी, तळलेला बांगडा. "यो ताजा हाय," त्या म्हणाल्या. "बोटीवरचा बर्फातला व्हता." जहाजावर चढल्यापासूनचं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

तिसरा दिवस अख्खा समुद्रावर. नाश्त्यानंतर वाऱ्याने मी जरा डळमळले, गोळी घेतली आणि डेकवर खुर्ची टाकून बसले. (गोळी मळमळायच्या आधी घ्यायची असते, हे मला नंतर कळलं.) विहीणबाई कठड्याशी उभ्या होत्या. कार्लोस तिथून जाताना "गुड मॉर्निंग, यमुना मॅडम" म्हणून गेले. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"चाळीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "आई गेल्यावर या नावानं कोनी हाक मारली न्हवती."

मी म्हटलं, "विहीणबाई, मांडवात मी जे बोलले ते तुमच्या माणसांसमोर बोलायला नको होतं. माझं चुकलं."

"न्हाय. तुमचा काय चुकला?" त्यांनी पदर आवळून धरला. "मी एकोनीस वर्सांची व्हते. ताटात नाव लिवला, मना वाचूनपन दाखवला न्हाय. दोन दिवस कोन पार्वती पार्वती करतंय, मना समजंना. सासू वरडली, भैरी हाय का म्हनून. मना वाटला, असाच असतो. मंग तुमी उटून बोललात. मना तुमचा राग न्हवता आला, ताई. माजे आयेचा आला. ती का न्हाय बोलली?"

अडीच वर्षं मी समजत होते, की ही बाई माझ्यावर डूख धरून आहे. गोळीमुळे की कशामुळे, माझे डोळे भरून आले. त्यांनी उठून माझ्यासाठी लिंबू आणि मीठ आणलं. कुठून मागून आणलं देव जाणे.

"चोखा," म्हणाल्या. "मिठागराचे बोटीत आमी हाच करायचो."

त्या दिवशी आम्ही दुपारचं जेवण विसरलो. बुफे बंद झाला, तेव्हा कार्लोसनी दोन सँडविच आणून दिली.

चौथ्या दिवशी सकाळी मुंबई. उतरताना रांगेत दीड तास जातो, त्याच दिवशी दुपारचं दुसरं काही ठरवू नका. आदल्या संध्याकाळी कार्डावरचा खर्च तपासून घ्या. आमच्या खात्यावर कोणाचातरी मसाज चढला होता, तो सांगितल्यावर लगेच काढला.

मला कोणी विचारलं, की पैसे वसूल झाले का, तर मी म्हणेन तीन रात्री पुरेशा आहेत, आतली केबिन पुरेशी आहे, आणि करमणुकीचे कार्यक्रम ठीकठाक असतात. जहाजावरचा उजेडाने भरलेला मोठा जिना मला आता धड आठवतही नाही. सोबत मात्र आठवते.

महिन्याभराने एका दुपारी विहीणबाईंचा फोन आला. श्रुतीमार्फत नाही, सरळ मला. "ताई, फुडची बोट परदेशाला जाती ना? त्याला पासपोर्ट लागतो. या जरा घरी, फॉर्म भरायचा हाय."

मी काशीगावला गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी मोबाइलवर अर्ज भरू लागले. नाव यमुना, आडनाव, जन्मतारीख. पुढे एक प्रश्न आला. तो मी त्यांना मराठीत करून वाचून दाखवला: तुम्हाला याआधी कधी दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखलं गेलं आहे का?

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "हो लिवा," म्हणाल्या. "पार्वती."