टोपलीतलं मीठ

श्रावणात माझी अकरा दिवसांची पोर गेली, आणि कार्तिकात मी लावा पाखराच्या पिल्लांची आई होऊन बसले. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

चौलच्या अलीकडं खाडीला लागून आमचं मिठागर. गवत कापताना नवऱ्याच्या कोयत्याखाली लाव्याची मादी आली. तिची सात अंडी त्यानं मुंडाशात घालून आणली आणि माझ्यापुढं ठेवली. खुडूक कोंबडीखाली ती उबवली. पिल्लं बाहेर आली तशी त्या सटवीनं एकाला टोचून मारलं. उरलेली सहा मी काढून घेतली. सुपारीएवढी होती हो! घरातली सगळ्यात मजबूत टोपली घेतली, मीठ वाहायची. चुलीशेजारी ठेवली, तांदळाच्या कण्या टाकल्या, वारूळ फोडून वाळवी आणली. ही सहा जगवायचीच, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी पिल्लं पाण्याच्या करवंटीवरून हलेनात. पीत होती आणि माना टाकत होती. दुपारपर्यंत तीन गेली. मी सैरभैर झाले. देवा, एक तरी ठेव रे!

सासू म्हणाली, "दिष्ट लागली गो त्यांना." मूठभर मीठ-मोहऱ्या तिनं टोपलीवरून उतरल्या. माझ्या पोरीवरूनही अशाच उतरल्या होत्या. मुठीतले चार खडे टोपलीत पडले, तर एक पिल्लू लगेच टिपायला लागलं. मी टोपलीच्या विणीत बोट घातलं, जिभेला लावलं. खारट! फटीफटीत मीठ, आणि पिल्लं ते कण्या समजून खात होती. आम्ही मीठ पिकवणारे, आणि आम्हालाच मीठ दिसलं नाही. डोळे फुटले होते का माझे?

उरलेली तीन पदरात घेतली, चोचीत गोडं पाणी सोडत राहिले. दिवेलागणीला शेवटचंही माझ्या तळहातावर गेलं.

सासू पुन्हा मूठ भरून आली, आता माझी दिष्ट काढायला. मी तिच्या हातावर फटका मारला. मीठ घरभर झालं.

"काय केलंस गो हे! सांडलेलं मीठ मेल्यावर वर पापण्यांनी उचलावं लागतं!"

"उचलीन," मी ओरडले. "वर माझी पोर हाय. तेवढीच दिसंल!"

सासू खाली बसली आणि माझ्या वाट्याचे खडे बोटांनी वेचायला लागली.