एकही भाकरी मोडली नाही

"तुम्हाला गहू चालत नाही. थोडाही नाही. आयुष्यभर," सोलापूरचे पोटाचे डॉक्टर म्हणाले आणि बायोप्सीचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला.

मला काहीच वाटलं नाही. समोरच्या भिंतीवर जठराचं रंगीत चित्र होतं. त्याचा एक कोपरा सुटून आत वळला होता. तो चिकटवायला हवा, एवढंच डोक्यात आलं. शेजारी माझे पती बसवराज बसले होते. त्यांनी विचारलं, "सणासुदीला थोडं चालंल का, डॉक्टर?"

"चिमूटभरसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले. "ही पथ्याची गोष्ट नाही. हेच औषध आहे. दुसरं औषध नाही."

मी उमरग्यात शाळेचे गणवेश शिवते. आधीच्या दोन-अडीच वर्षांत मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. हिमोग्लोबिन खाली. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, ते वर यायचं नाव घेईना. तोंड सतत आलेलं. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, थांबायचे, पुन्हा व्हायचे. कुणी म्हणालं ॲसिडिटी, कुणी म्हणालं टेन्शन, एका बाईंनी तर माझी दृष्टसुद्धा काढली. वजन उतरत होतं आणि बायका विचारत होत्या, काय डाएट करता?

शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी लिहून दिली. शरीर गव्हाविरुद्ध लढतंय का, हे तिच्यात कळतं. मग एंडोस्कोपी, म्हणजे घशातून नळी घालून आत बघणं. त्यातच आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासतात, ती बायोप्सी. आजाराचं नाव सिलिअ‍ॅक डिसीज. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रोटीन असतं. कणीक ताणली तरी तुटत नाही, पोळी लाटताना चिरत नाही, ती त्याच्यामुळं. आमच्यासारख्यांचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच आतड्याचं अस्तर खरवडून काढतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही.

ज्यांना अशी शंका आहे त्यांना एक सांगते. तपासणीच्या आधी स्वतःच्या मनानं गहू बंद करू नका. रिपोर्ट फसवा येतो.

सगळे म्हणाले, त्यात काय, आपला तर ज्वारीचाच मुलूख. मलाही तसंच वाटलं. पण गिरणीत ज्वारीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो आणि तो आपल्या पिठात उतरतो. बाजारच्या हिंगात बहुधा मैदा असतो. हे कळेपर्यंत आणखी काही महिने गेले. मग बसवराजांनी घरघंटी आणली. तिच्यात ज्वारी आणि तांदळाशिवाय काही पडत नाही.

घर सांभाळलं गेलं. घराबाहेरचं मात्र संपलं. आम्ही लिंगायत. आमच्याकडे लग्न असो की जत्रा, पंगतीत गव्हाची हुग्गी असतेच, म्हणजे गूळ घालून शिजवलेली गव्हाची खीर. वाढपी द्रोणात हुग्गी ओतायचा, मी द्रोणावर हात धरायची, आणि पंगतभर कुजबुज व्हायची, शुगर निघाली वाटतं. दोन-तीन पंगतींनंतर मी जाणंच सोडलं. वाईट वाटलं का, असं बसवराज विचारायचे. न्हाय, म्हणायची. ते खरं होतं. मी रडत नाही याचं घरात कौतुक होतं. रडायलाही आधी काहीतरी वाटावं लागतं.

त्यातच बँकॉकची तिकिटं होती. आजार कळायच्या आधी बसवराजांनी कुठल्याशा सेलमध्ये हैदराबादहून काढलेली, स्वस्तातली, त्यामुळं रद्द केली तर हाती काहीच न येणारी. हायवेला त्यांचं टायरचं दुकान आहे. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांना भंडावून सोडलं होतं. "बँकॉकला कुणी बायको घेऊन जातंय व्हय, बसवराजअण्णा? विहिरीवर घागर घेऊन गेल्यावाणी झालं की!" याचा अर्थ मला आजही कळलेला नाही, पण हसले सगळे.

मी बसवराजांना म्हणाले, "येते. पण तिथं पोट बिघडलं तर यापुढं मला कुठंच न्यायचं नाही. लग्नाला नाही, जत्रेला नाही, कुठंच नाही." ते म्हणाले, "बरं."

माझी आई जळकोटला भावाकडे असते. आम्ही तिला अव्वा म्हणतो. तिला बँकॉकचं कळलं तशी तिनं फोन केला. "तिथलं कायबी खाऊ नगंस. म्या कडक भाकरी करून देते. पीठ तेवढं तुझ्या घरघंटीचं धाड." आमच्याकडची कडक भाकरी पापडासारखी वाळवलेली असते, महिनाभर टिकते. मी पीठ पाठवलं. अव्वानं पत्र्याचा डबा भरून भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली. तीळ लावलेल्या, पातळ, एकसारख्या गोल. त्या डब्याच्या भरवशावरच मी विमानात बसले.

बँकॉकमधलं आमचं हॉटेल एका गल्लीत होतं. खोलीत एक खिडकी, एक किटली आणि दोन खाटा. गल्लीभर खायच्या गाड्या. आम्ही मांस-मासे खात नाही, मी गहू खात नाही, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पिवळा झेंडा लावलेली शाकाहारी दुकानं असतात, असं बसवराजांनी वाचलं होतं. आम्ही हौसेनं गेलो. तिथं मटणासारखं दिसणारं काहीतरी होतं. मोबाइलवर विचारलं तर कळलं की ते गव्हाच्या ग्लुटेनचंच करतात. बाकी सगळ्यात सोया सॉस, आणि त्यातही गहू. तुम्ही गेलात तर सोया सॉस आधी विचारा.

कोपऱ्यावर एका बाईंची गाडी होती, साधारण माझ्याच वयाच्या. बसवराजांनी मोबाइलवर थाई भाषेत लिहून दाखवलं की गहू नको, सॉस नको, मांस-मासे नको. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग कढई घासली, ती उलटी-सुलटी करून आम्हाला दाखवली, आणि नुसत्या तेलामिठात भाज्या परतून भातावर घातल्या. सकाळ-संध्याकाळ अव्वाची भाकरी आणि दुपारी हा भात, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पोट फुगलं. मग जुलाब. तोंड आलं.

"त्या बाईनं कायतरी टाकलंच असणार," बसवराज म्हणाले. भात बंद झाला. मी भाकरी, चटणी आणि शहाळ्याचं पाणी यांवर राहिले. भाकऱ्या आता तिन्ही वेळा. त्रास वाढला. नावेतून नदीत फिरलो, सोन्यासारखी झळकणारी देवळं बघितली. ती सुंदर आहेत हे मला कळत होतं, वाटत मात्र काही नव्हतं. स्वच्छतागृह कुठं आहे, यावर माझा एक डोळा होता. बसवराज फोटो काढायचे थांबले होते.

मला उभं राहवेना तेव्हा ते मला जवळच्या एका छोट्या दवाखान्यात घेऊन गेले. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझी जीभ पाहिली, पोट दाबलं, सलाइन लावलं आणि सोप्या इंग्रजीत विचारलं की सध्या काय खाता.

बसवराज छाती पुढं काढून म्हणाले, "होम फूड. ओन्ली होम फूड. मदर मेड."

"बाहेरचं बंद केल्यावर त्रास कमी झाला की वाढला?"

"वाढला."

"मग घरचं बंद करा," त्या म्हणाल्या.

मला राग आला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि तो राग होता. कुठली कोण ही पोर, माझ्या आईच्या हाताला नावं ठेवते! सलाइन संपेपर्यंत मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खोलीवर आल्यावर डबा उघडला. बस, विमान, टॅक्सी, जिन्यावरची आपटाआपट, एवढं सगळं होऊनही एकही भाकरी मोडली नव्हती. इतके दिवस बसवराज याचंच कौतुक करत होते. मी एक भाकरी हातात घेतली आणि कडेवरून बोट फिरवलं. कड गुळगुळीत होती, कात्रीनं कापल्यासारखी. निव्वळ ज्वारीची भाकरी इतकी पातळ लाटता येत नाही. ती थापावी लागते आणि कडेला चिरतेच. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मी भाकरी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. "हिच्यात गहू आहे," म्हणाले.

संध्याकाळी कोपऱ्यावर गेलो. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि न सांगता कढई घासायला घेतली. मीठभात आणि उकडलेला भोपळा दिला. पुढचे दिवस मी त्यांच्याच हातचं खाल्लं. पोट हळूहळू बसलं. निघायच्या आदल्या दिवशी नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबासुद्धा खाल्ला. माझ्या आईच्या डब्यानं मला आजारी पाडलं आणि जिच्यावर आम्ही आळ घेतला त्या बाईंनी मला जेवू घातलं. हे मला तिथंच कळलं, पण मनाला लागलं नाही. भाकऱ्या फेकवेनात, म्हणून उरलेल्या बसवराजांनी संपवल्या.

परतल्यावर ते म्हणाले, "अव्वांना सांगू नको. म्हाताऱ्या जिवाला लागंल." मी विचार केला. न सांगता अव्वाचे डबे घेत राहायचं आणि गुपचूप दुसऱ्यांना वाटत राहायचं. पंगती सुटल्याच होत्या. उद्या आईचं घरही तसंच सुटलं असतं.

जळकोटला गेले तेव्हा अव्वानं पहिलं हेच विचारलं. "एकबी मोडली का गं?"

"न्हाय अव्वा. एकबी न्हाय."

"बघ! मूठभर गव्हाचं पीठ टाकलं हुतं. माझी बोटं आता थापू देत न्हाईत, लाटाव्या लागल्या. गहू असल्याबिगर लाटताच येईना. आन् इमानात मोडल्या असत्या तर खाल्लं काय असतंस तू तिथं?"

मी सांगितलं. आवाज न चढवता, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. मूठभर नाही, चिमूटभरही नाही. सलाइनचंही सांगितलं. अव्वानं पदर तोंडाला लावला. "म्याच इख घातलं म्हण की," म्हणाली आणि आत गेली. मी निघेपर्यंत ती बाहेर आली नाही. मला तेव्हाही काही वाटलं नाही, किंवा तसं मी स्वतःला सांगितलं.

अव्वाचा रोज येणारा फोन बंद झाला. मी केला की वहिनी उचलायच्या आणि म्हणायच्या, झोपल्यात.

मग एक दिवस जळकोटचा एक जीपवाला दुकानात डबा देऊन गेला. तोच पत्र्याचा. बसवराजांनी तो घरी आणून माझ्या मशीनवर ठेवला. मी झाकण काढलं. आत सगळे तुकडेच होते. जाड, वेडेवाकडे, काठाला चिरलेले, तळाशी नुसता चुरा. अख्खी अशी एकही भाकरी नव्हती.

फोन केला. या खेपेला अव्वानंच उचलला.

"सगळ्या मोडल्यात बघ," ती म्हणाली.

"थापल्यास?"

"मग? दिसाला दोन-दोन हुत्यात, त्याच्यावर हात चालंना. पोळपाटाला गहू लागलेला असतोय म्हणून नव्या ताटात थापल्या. तवाबी नवा आणवला." मग तिनं विचारलं, "खाशील न्हवं?"

"खाते की."

ज्यांना हा आजार नव्यानं कळला असेल त्यांना मी एवढंच सांगेन. परक्याला आपण दहादा विचारतो, आपल्या माणसाला एकदाही नाही. विचारा. त्याला दुखलं तरी विचारा. त्या थाई बाईंचे, त्या डॉक्टरीणबाईंचे मी इथंच आभार मानते, कारण तिथं तोंडातून शब्द फुटला नव्हता. आणि हो, पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. मी जाणार आहे, स्वतःचा डबा घेऊन.

त्या दिवशी फोन ठेवून मी ताटलीत चुरा घेतला, त्यावर दही घातलं आणि मशीनशेजारी जमिनीवर बसून खाल्लं. पोट दुखलं नाही. रडू मात्र आलं, खूप आलं, आणि मी ते आवरलं नाही.