स्मारांडाची बाद किल्ली

स्मारांडा जात्याच भित्री. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी. याश शहरात घरी बसून ती एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिही. प्रोग्रामात कोणी काय बदललं, याची नोंद ते सॉफ्टवेअर ठेवी. प्रत्येक बदलावर करणाऱ्याची डिजिटल सही, आणि ती उमटायची ज्याच्या त्याच्या गुप्त किल्लीने. ही सही कुठे कुठे दगा देते, ते लिहायचं काम तिच्याकडे होतं. ऐकीव लिहायचं नाही, बिघाड आधी स्वतः घडवून बघायचा, ही तिची रीत. त्यासाठी तिने खोट्या किल्ल्या करून ठेवल्या होत्या.

त्या सकाळी तिने चोरीला गेलेल्या किल्लीचं प्रकरण घेतलं. किल्ली चोरीची म्हणून जाहीर केली आणि पडद्यावर बघते तर काय, खोटी राहिली बाजूला, तिची खरीच किल्ली बाद झालेली. एकदा जाहीर केलेलं मागे घेता येत नाही. इतक्या वर्षांच्या तिच्या सगळ्या सह्या आता संशयाच्या, आणि नोकरीही धोक्यात.

किल्ल्यांची व्यवस्था देशाच्या दुसऱ्या टोकाच्या तिमिशोआरा शहरातला होरिया बघायचा. तिने त्याला फोन करून सांगितलं, की चोरीबिरी काही नाही, माझाच वेंधळेपणा.

होरिया म्हणाला, "बाई, चोराने फोन केला असता तर तोही हेच बोलला असता."

"अरे, माझा आवाज तरी ओळखशील की नाही?"

"आवाजाची नक्कल हल्ली शेंबडं पोरही करतं. ओळखपत्र घेऊन समोर या."

तोवर तिचं काम बंद. अख्खा देश आडवा ओलांडताना तिला एकच धास्ती होती. याने नाहीच म्हटलं तर?

होरियाने दार उघडलं. तिने आणलेली चीज भरलेली प्लाचिंता पोळी बघून म्हणाला, चोरही खाऊ आणतात. ओळखपत्रावरचा फोटो आणि तिचा चेहरा त्याने पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. बाद किल्लीच्या जागी तिने नवी करून आणली होती; त्या किल्लीची खूण म्हणजे अक्षरा-अंकांची लांबलचक ओळ, ती तिने एकेक अक्षर वाचून दाखवली. जीभ अडखळली की तो पुन्हा वाचायला लावी.

आता तिच्या किल्लीला त्याने स्वतःच्या सहीची हमी द्यायची होती. कीबोर्डवर गेलेला त्याचा हात थांबला.

"बाई, खरं सांगा. कोणी धमकावून तर पाठवलं नाही ना तुम्हाला?"

तिचं ओळखपत्र त्याने अजून हातातच धरून ठेवलं होतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, हमी चुकली तर तिच्याबरोबर तोही बुडणार होता.

"नाही रे बाबा," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटून सही केली.