जावयाने शिडीवर चढू नये

सासुरवाडीत मला पाणी तांब्याभांड्यातून मिळतं. खाली ताटली, वर झाकण, आणि देणारं माणूस मी पिऊन होईपर्यंत समोर उभं. तो मात्र आला की सरळ स्वयंपाकघरात शिरतो, माठात हात घालून पाणी घेतो आणि वर सासूबाईंना विचारतो, आज भाजी काय केली. मला त्याचा हेवा वाटतो. उगाच थोडंसं वाईट वाटतं वगैरे म्हणत नाही, चांगला सणसणीत हेवा वाटतो.

तो म्हणजे पाथरीत कॅमेरे आणि वायफाय बसवणारा, माझ्याच वयाचा माणूस. मी परभणीत तेच करतो. सासऱ्यांचं पाथरीत यात्रेकरूंसाठी छोटं लॉज आहे, पुढे खोल्या आणि मागे घर. लॉजला कॅमेरे बसवायचे ठरले तेव्हा याच धंद्यातला जावई असताना काम त्याला दिलं गेलं. मला ते बायकोकडून कळलं, तेही बोलता बोलता. बरं झालं, मला कुठे सवड आहे, असं मी तिला म्हणालो आणि त्या दिवशी जेवणात मीठ कमी आहे म्हणून भांडलो.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा हात धुवायच्या निमित्ताने त्याचं काम बघून आलो. वायरी एका रेषेत, पट्ट्यांनी आवळलेल्या. जिन्याखालच्या पेटीत स्विच नीट बसवलेला. हा स्विच एकाच वायरीतून कॅमेऱ्याला इंटरनेटही देतो आणि वीजही, त्यामुळे कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग लागत नाही. मी खूप शोधलं, पण नाव ठेवायला जागा नव्हती. त्यानेच मी जास्त जळलो.

मग लॉजमध्ये एक दुखणं सुरू झालं. यात्रेकरू वायफाय मागतात म्हणून सासऱ्यांनी मधल्या काळात वायफायचे डबे आणून त्याच स्विचला जोडून घेतले होते. तेव्हापासून रोज दिवेलागणीला काउंटरवरचा डबा बंद पडायचा आणि सकाळी आपोआप सुरू व्हायचा. त्याने येऊन वायरीच्या टोकाच्या पिना बदलल्या, वायर बदलली, स्विच बंद करून पुन्हा सुरू केला. लाइटीचा व्होल्टेज कमी पडतो का तेही बघितलं. रोज संध्याकाळी गिऱ्हाइकं काउंटरवर येऊन कुरकुरायची आणि सासरे त्यांची समजूत घालायचे. हे सगळं मला बायकोच्या तोंडून कळत होतं.

मला परभणीत बसल्या बसल्या कारण ठाऊक होतं. अंधार पडला की कॅमेरे आपले रात्रीचे दिवे लावतात आणि जास्त वीज ओढतात. स्विचकडे वाटायला वीज ठरलेली असते. पंगत वाढली आणि पोळ्या तेवढ्याच, मग शेवटी बसलेल्याचं ताट रिकामं राहतं. काउंटरचा डबा सगळ्यात शेवटच्या जागेवर जोडलेला होता. कुणी विचारलं असतं तर फोनवर सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही. आणि न विचारता सांगायचं नाही एवढा ताठा माझ्यात आहे. मला एवढंच हवं होतं की सासऱ्यांनी एकदा म्हणावं, जरा बघता का. तरी मी एक मोठा स्विच गाडीच्या डिकीत टाकून ठेवला होता. पाथरीला जाताना प्रत्येक वेळी तो असायचा आणि प्रत्येक वेळी तसाच परत यायचा.

यंदा अधिक महिना आला आणि धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. पाटाभोवती रांगोळी, धोंडे, अनारसे, वरून तुपाची धार. सगळे माझ्या ताटाकडे बघत होते आणि मी जिन्याखालच्या पेटीकडे. बायकोच्या ते लक्षात आलं. ती वाढता वाढता हळूच म्हणाली, "तुमचं तोंड तर घासात खडा आल्यावानी झालंय."

जेवणानंतर घर आडवं झालं. बाहेर ऊन रणरणत होतं, सासरे आतल्या खोलीत घोरत होते. मी बायकोला सांगितलं की मला शिडी पाहिजे. तिने वाद घातला नाही, आणून दिली. पण रात्र व्हायला अवकाश होता आणि दुखणं तर अंधारातच दिसायचं. मग सुचलं की कॅमेऱ्यांनाच अंधार दाखवू. त्या घरात लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेल्या टॉवेल-टोप्यांचा हा ढीग आहे, कपाट उघडलं की अंगावर येतो. बायकोने त्यातला गठ्ठा काढून आणला. मी शिडीवर चढून एकेका कॅमेऱ्याला टोपी घालत गेलो, वरून टॉवेल गुंडाळत गेलो. आत बारीक टक् व्हायचं, म्हणजे कॅमेऱ्याला रात्र झाल्याचं पटलं. ती काउंटरवरच्या डब्यावर नजर ठेवून होती. पाठीमागच्या कॅमेऱ्याला टॉवेल गुंडाळला आणि ती म्हणाली, गेला. मी टॉवेल काढला, थोड्या वेळाने डबा सुरू झाला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा गेला. इतका आनंद मला जेवणात झाला नव्हता.

डिकीतला स्विच आणला, जुना काढून तो बसवला. कॅमेरे टोप्या घालून तसेच होते आणि काउंटरचा डबा चालू होता. मी आहेर उतरवायला पुन्हा शिडीवर चढलो आणि तेवढ्यात सासरे उठून बाहेर आले. कॅमेऱ्याच्या डोक्यावर टोपी आणि जावई शिडीवर बघून त्यांचा चेहरा उतरला.

"जावईबापू, आधी उतरा खाली. धोंड्याला बोलावलं अन् जावयाला शिडीवर चढवलं, लोकं शेण घालतील तोंडात."

मी म्हटलं काम झालंय, तुमचा डबा आता जाणार नाही. ते ऐकेनात. काम राहू द्या, उतरा, एवढंच चाललं होतं. मग मात्र इतक्या दिवसांचं पोटातलं बाहेर आलं. मी शिडीवरूनच विचारलं, "तो चढतो तेव्हा चालतं, मग मलाच का नाही?"

सासऱ्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि अगदी सरळपणे म्हणाले, "तो घरचा हाय. तुमी पाव्हणे."

मी उतरलो. त्यांच्या मनात अपमानाचा लवलेश नव्हता, हे मला दिसत होतं. काम न देऊन त्यांनी माझा मानच ठेवला होता. मी मात्र त्या मानाखाली वर्षानुवर्षं कुढत बसलो होतो, आणि कारण कळूनही कुढणं काही थांबलं नाही. उलट आता नेमकं कशासाठी कुढतो ते कळलं.

दिवेलागण झाली. सगळ्या कॅमेऱ्यांचे रात्रीचे दिवे लागले, काउंटरचा डबा सुरूच राहिला. गिऱ्हाइकांपैकी कुणी कुरकुर करत आलं नाही. सासरे दोनदा जाऊन बघून आले. मला वाटलं, आता पाठीवर थाप मारतील, निदान बघ जमलं तुला असं काहीतरी बोलतील. त्यांनी सासूबाईंना हाक मारली. पाट मांडला गेला. मला कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. दुपारी पाठीमागच्या कॅमेऱ्यावर होती तीच टोपी असावी, तिला कोळ्याचं जाळं चिकटलेलं होतं. सासऱ्यांनी हात जोडले आणि म्हणाले, तुमाला लय तरास झाला.

मग त्यांनी फोन काढून त्याला लावला. तो पूर्णेला कुठल्याशा कामावर होता.

"आरं गाढवा, कुठं उलथलास? तुझ्यापायी आज जावयाला शिडीवर चढावं लागलं. अक्कल हाय का न्हाई तुला? सकाळी इकडंच ये, धोंडे ठिवलेत तुझ्यासाठी."

पलीकडे तो हसत असणार. सासरेही शिव्या देता देता हसायला लागले. मी टोपी घालून पाटावर बसलो होतो. इतक्या वर्षांत त्या घरात मला कुणी गाढव म्हटलेलं नाही.